सोप्यावरची जानकी

आमोण्याच्या धक्क्यावर एकतीस वर्षं पहारा केलेला बाबली गवस स्वतःच्या डोळ्यांखेरीज कुणावर विश्वास ठेवत नसे. बायकोवर थोडाफार ठेवी, पण तोही जेवणापुरता. बाविसाव्या वर्षी तो दोडामार्गाकडून खनिजाच्या ट्रकवर बसून इकडे आला, मांडवीच्या काठी खनिज वाहणाऱ्या बार्जी भरत होत्या तिथे वॉचमन म्हणून चिकटला आणि खाणी बंद पडेपर्यंत तिथून हलला नाही. हातात काठी, खिशात शिट्टी, काखेत नोंदवही. कोण आलं, कोण गेलं, सगळं लिहायचं. पण आधी वेळ टाकायची आणि मगच पुढचं. "माज्या पाळयेत डिझेलाचो येक थेंब भायर जावक नाय," हे वाक्य गावाने इतक्यांदा ऐकलं होतं की तो तोंड उघडायच्या आधीच लोक माना डोलवायला लागत. बढाईखोर होता, पण खोटारडा नव्हता. डिझेल खरंच कधी गेलं नव्हतं.

जानकी, त्याची बायको, रोज दुपारी डबा घेऊन धक्क्याकडे जायची. घराच्या मागच्या दारातून माडांमधून एक पाऊलवाट निघते, ती बांधावर चढते आणि मानशीपाशी पोचते. मानस म्हणजे खाडीचं किती पाणी शेतात घ्यायचं ते ठरवणारं लाकडी दार. तिथून धक्का हाकेच्या अंतरावर. धक्क्याच्या साखळीआत बायकांना मज्जाव, तेव्हा ती मानशीच्या दगडावर उभी राहून साद घालायची, "ओऽ, वांयच येवा!" नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. आणि हा गृहस्थ पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसरीलाही नाही. जुन्या पहारेकऱ्यांनी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की भर बारा वाजता पाण्याकडून हाक आली तर ती माणसाचीच असेल असं धरून चालायचं नाही. देवचार ओळखीच्या आवाजात बोलावतो, पण दोनदाच. तिसरी हाक माणसाच्याच गळ्यातून येते. म्हणून जानकीला रोज तीन हाका माराव्या लागत. "तीन हाका मारल्याशिवाय ह्येंका भूकच लागणा नाय," असं ती शेजारणींना सांगे, आणि रागावल्याचं दाखवत हसे.

खाणी बंद झाल्या तशा बार्जी गेल्या. मुलगा प्रवीण क्रेन चालवायला बायकोसकट कतारला गेला. बाबली घरी बसला, आणि बसल्या जागेवरून त्याला दिसायला लागलं की जानकी विसरतेय. आधी आमटीत मीठ दोनदा पडलं, मग सुनेचं नाव गेलं, मग मधली वर्षंच्या वर्षं गेली. डिचोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकटीला बाहेर सोडू नका म्हणाले. वर्षभरात ती तीनदा बाहेर पडली. तिसऱ्यांदा बाबलीला ती बांधावर सापडली, हातात रिकामी पिशवी.

"खंय चललंस गो?"

"तुमका काय करूचा आसा?" ती म्हणाली. "माजो घोव धक्क्यार उपाशी आसा."

नवरा समोर उभा होता आणि ती त्यालाच हे सांगत होती. बाबली तिला हाताला धरून घरी घेऊन आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही दारांना कुलपं घातली. जानकी दाराशी बसून राहिली. दाराच्या फळीवर तळहात टेकून, अगदी हळू आवाजात ती विचारत होती, "माका कित्याक कोंडलास? मी काय चोरी केलंय?" जन्मभर चोर धरायची राखण केलेल्या माणसाला हा प्रश्न कुठे लागला असेल ते वेगळं सांगायला नको. दोन दिवस त्याने काळीज दगडाचं केलं, तिसऱ्या दिवशी कुलपं काढली, किल्ल्या पोटमाळ्यावर भिरकावल्या आणि तिच्यापुढे बसून म्हणाला, "आता कदी कुलूप घालूचंय नाय. आयकलंस?" तिने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने मात्र स्वतःला बांधून घेतलं.

कॅमेरे आले ते यासाठी. गावात त्याने सांगितलं की चोरांचा सुळसुळाट झालाय. प्रवीण फोनवरून एखादी बाई ठेवा म्हणाला, तर बाबलीने त्याला उडवून लावलं. "अख्खो धक्को सांबाळलंय मी. येक बायल सांबाळूक माका मानूस व्हया?"

साखळी गावचा दत्तप्रसाद कॅमेरे बसवायचं काम करायचा. तीन कॅमेरे ठरले. एक फाटकावर, एक सोप्यावर, म्हणजे घराच्या तोंडाशी दगडी बाकडी असतात तिथे, जिथे जानकी सबंध सकाळ बसायची, आणि एक उजवीकडे विहिरीवर. रेकॉर्डिंगचा डबा पोटमाळ्यावर बसला. मग प्रश्न आला तो चित्र बघायचं कशावर. बाबलीने स्वयंपाकघराशेजारच्या कोठीतून प्रवीणच्या शिकण्याच्या दिवसांतला कॉम्प्युटर काढला. फुगीर पाठीचा मॉनिटर, उंदराने कुरतडलेली माउसची वायर, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा घरघरणारा पंखा.

"काका, हो म्हातारो जालो," दत्तप्रसाद म्हणाला. "टीव्हीचेर लावया. हाचेर पिक्चर उशिरान येतलो."

"टीव्हीर तिची मालिका आसता. आनी ह्यो फुकट पडलेलो मा? लाव."

दत्तप्रसाद दोन दिवस त्या यंत्राशी झटला. नवं सॉफ्टवेअर ते घेईना, जुनं कुठे मिळेना. शेवटी कुठून तरी पेनड्राइव्हवर आणून घातलं आणि पडद्यावर तीन चौकोन उजळले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ, सेकंदासकट. बाबलीचा चेहरा असा फुलला की दत्तप्रसादलाही बरं वाटलं. त्याच संध्याकाळी कोठीत मेज आलं, खुर्ची आली, थर्मास आला, आणि वाण्याकडून नवी कोरी नोंदवही आली. कोठीला तो केबिन म्हणायला लागला. खुर्चीची पाठ दाराकडे होती आणि डाव्या हाताला मागच्या माडांकडे उघडणारं दोन झडपांचं जनेल.

चौथा कॅमेरा मागच्या दारावर लावू या, असं दत्तप्रसाद म्हणाला होता. वायरसुद्धा उरली होती. पण शेजारची विनोदिनी तेवढ्यात उंडे, म्हणजे गोल पाव, द्यायच्या निमित्ताने आली आणि शिडी मागच्या बाजूला टेकलेली बघून तिथेच थांबली.

"बाबली, फाटल्यान नाका हां," ती म्हणाली. "ती ताची वाट."

कुणाची ते तिने सांगितलं नाही आणि बाबलीने विचारलं नाही. मानशीवर राखणदार आहे, त्यालाच देवचारही म्हणतात. बांध फुटू नये, खारं पाणी भातात घुसू नये, म्हणून तो घोंगडी पांघरून, हातात दांडा घेऊन फिरतो, आणि अवसेला भर दुपारी घरामागच्या वाटेने खाली उतरतो, असं सगळं आमोणें मानतं. त्याला कुणी पाहू नये. त्या वेळी लोक मागची दारं ओढून घेतात. धक्क्यावर असताना बाबली दर अवसेला त्याच्यासाठी दगडावर एक उंडा आणि विडी ठेवायचा, आणि पाठ फिरवून उभा राहायचा. एक पहारेकरी दुसऱ्याला देतो तो मान.

"ऱ्हांव दे," तो दत्तप्रसादला म्हणाला. "फाटल्यान नको."

दत्तप्रसादने शिडी उचलली.

पहिले पंधरा दिवस बाबली खूश होता. नोंदवही भरत होती. "९.१० जानकी सोप्यावर. ९.३० पाववाला पोदेर आला. ९.५५ जानकी उठली, परत बसली." तिला कोंडलेलं नव्हतं, ती मोकळी होती, आणि तरी त्याच्या नजरेत होती. हे त्याला इतकं पसंत पडलं की तो सोप्यावर तिच्याजवळ जाऊन बसायचंच विसरला. पूर्वी तो तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायचा, आता शेंगा केबिनीत सोलत होता. त्याला कुणी हे बोलून दाखवलं असतं तर तो चकित झाला असता. तो तर दिवसभर तिच्याकडेच बघत होता की!

एकदा मात्र तो पुरता चरकला. पडद्यावर जानकी सोप्यावर बसलेली, पदर सारखा करत होती. आणि त्याच वेळी त्याच्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. त्याने वळून पाहिलं. जानकी त्याच्या खुर्चीमागे उभी होती, पडद्यावरच्या जानकीकडे टक लावून.

"ती कोन?" तिने विचारलं.

पडद्यावरची जानकी तेवढ्यात उठली आणि चौकोनातून निघून गेली.

"गेली," जानकी म्हणाली, आणि तिला हायसं वाटल्यासारखं दिसलं.

दत्तप्रसादला फोन लावला तर तो हसला. कॉम्प्युटर म्हातारा आहे, चित्र आठ-दहा सेकंद मागे राहतं, घाबरू नका. बाबलीने ते नीट ध्यानात ठेवलं. पुढे काही दिसलं-ऐकलं की तो मनात दहा आकडे मोजायचा, म्हणजे चित्र गाठायचं. यंत्राची खोड त्याने ओळखली होती, असं त्याला वाटत होतं. पण त्या दिवसापासून कोठीत एकटं बसलं की पाठीमागे कुणीतरी आहे असं त्याला अधूनमधून वाटे, आणि मान वळवायला मन घेत नसे.

माघातली अवस आली. अवसेची भरती मोठी असते, बाराच्या सुमाराला मांडवी तटाला टेकते आणि बांधावरच्या मातीला ओल सुटते. बाबलीने सकाळीच मानशीवर उंडा आणि विडी ठेवली. घरी येऊन भात टाकला, माशाचं सांबारं केलं, कारण आता चूल त्याच्याच गळ्यात होती. मागचं दार ओढून घेतलं. कडी घातली नाही. कडी म्हणजे कोंडणंच की. अकरा चाळीसला नोंद केली, "जानकी सोप्यावर", आणि शेंगांचं सूप मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसला. पंखा घरघरत होता.

हाक आली ती जनेलातून. लांबून, पाण्याकडून.

"ओऽ, वांयच येवा!"

आवाज जानकीचा. बाबलीचे हात थांबले. त्याने पडद्याकडे पाहिलं. जानकी सोप्यावर बसली होती, उजवा हात गुडघ्यावर, मान किंचित फाटकाकडे. त्याने दहा आकडे मोजले. ती बसलेलीच. आणखी दहा मोजले. बसलेलीच होती. तेव्हा बाबलीच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण बायको समोर बसलेली त्याला दिसत होती आणि तिचा आवाज बांधावरून येत होता.

"ओऽऽ, येवा मा! जेवान थंड जाता!"

दुसरी. पहिलीपेक्षा लांबलेली, किंचित थकलेली. देवचाराला सगळं ठाऊक असतं, तो आपल्या घरातले शब्दसुद्धा बरोबर उचलतो, असं जुने लोक सांगत. बाबली उठला, बाहेर न बघता त्याने जनेलाच्या दोन्ही झडपा ओढून घेतल्या, खुर्चीत बसला आणि डोळे पडद्यावरच्या बायकोवर खिळवून ठेवले. ओठांत देवाचं नाव. ती समोर होती, सुखरूप होती, एवढं त्याला पुरे होतं.

तिसरी हाक आली नाही. तसा तो सैल झाला. भिंतीवरच्या घड्याळात बघून त्याने वहीत लिहिलं, "१२.०५ मागून दोन हाका. तिसरी नाही. जानकी सोप्यावर."

साडेबारा उलटल्यावर तो तिला जेवायला बोलवायला सोप्यावर गेला. सोपा रिकामा होता. त्याला वाटलं, न्हाणीत गेली असेल. तो केबिनीत परत आला, तर पडद्यावर ती बसलेली. तो पुन्हा सोप्यावर धावला. दगडी बाकावर ऊन पडलेलं आणि माणूस नाही. पुन्हा पडद्यापाशी. तोच हात गुडघ्यावर, तीच मान फाटकाकडे. "जानकी!" तो मॉनिटरवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला इतक्या मोठ्याने हाक मारली असेल. आणि मग कुठे त्याची नजर चौकोनाच्या कोपऱ्यात गेली. ११.५२.१७. सतराचे अठरा होत नव्हते. कॉम्प्युटर केव्हाच गोठला होता. एकतीस वर्षं आधी वेळ लिहिणाऱ्या माणसाने आज एकदाही पडद्यावरची वेळ बघितली नव्हती.

मागचं दार सताड उघडं होतं. चुलीशेजारचं भाताचं टोप कुणीतरी उघडलेलं, वर झाकण तिरकं. ती त्याच्या पाठीमागूनच गेली होती, त्याच्या खुर्चीपासून चार हातांवरून, आणि पंख्याच्या घरघरीत त्याला पावलं ऐकू आली नव्हती.

मानशीच्या दगडावर डबा सापडला. चार कप्प्यांचा, धक्क्यावरच्या दिवसांतला, तो अजून घरात आहे हेही बाबलीला माहीत नव्हतं. वरच्या कप्प्यात भात, बाकीचे रिकामे. जानकी मानशीआतल्या कोंडीत, म्हणजे दारामागे साचणाऱ्या खोल पाण्यात, मिळाली, भरती उतरायला लागल्यावर. माणसांनी तिला वर काढलं तेव्हा तिचा पदर कमरेला खोचलेला होता, कामाला निघालेल्या बाईचा असतो तसा.

तिसऱ्या दिवशी दत्तप्रसाद आला. त्याचा चेहरा उतरला होता. पोटमाळ्यावरचा डबा चालूच होता, त्यात सगळं आलं होतं. गोठलं होतं ते फक्त खालचं चित्र. बाबलीने ते दाखवायला लावलं. अकरा छप्पनला जानकी बाकावरून उठली, आत गेली, आणि नंतर काही नाही. सोपा. ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसरीकडे सरकत होतं, एक मांजर आलं, वास घेऊन गेलं. चाळीस मिनिटं बाबली तो रिकामा सोपा बघत बसला. दत्तप्रसादने पुढे ढकलू का विचारलं, तर त्याने मान हलवली. बारा सदतीसला एक म्हातारा धावत बाहेर आला, इकडेतिकडे बघून आत पळाला, परत आला, परत पळाला. बाबली त्या म्हाताऱ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसा पाहत होता.

गावाला मात्र रेकॉर्डिंगची गरज नव्हती. बायको पाण्यात आणि तिचं रूप सोप्यावर, हे ऐकल्यावर कुणाला काय समजावणार? अवस, भर दुपार, मानस. "ताणेंच व्हेली रे," विनोदिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "तुका तिची सावळी दाखयली आनी तिका व्हेली. तूं कितें करतलो?" कतारहून आलेल्या प्रवीणनेही बापाला मिठी मारून तेच सांगितलं, "बाबा, तुमचा काय चुकला नाय." आणि खरं सांगायचं तर बाबलीला ते हवंहवंसं वाटलं. ज्याच्यापुढे माणसाचं काही चालत नाही त्याने नेली म्हटलं की रात्री डोळा लागतो. हाकांचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नोंदवही मिटून तांदळाच्या पिंपाखाली सरकवली होती.

पण दुपार कुणाला चुकली आहे? बारा वाजायला आले की तो कोठीत जाई, जनेल सताड उघडून कान देऊन बसे. माडांच्या झावळ्या, लांब कुठे तरी होडीचं इंजिन. कधी वाटे, आता येईल. तिने दोनदा मारली होती. सवयीने तिने तिसरीही मारली असती, तिला ठाऊक होतं की हा माणूस तीनदा बोलावल्याशिवाय येत नाही. ती थांबली असणार दगडावर, याची वाट बघत, कदाचित एक पाऊल पुढे टाकून, आवाज पोचावा म्हणून. तिसरीसाठी तिने श्वास घेतला असणार. एवढ्यापर्यंत विचार आला की बाबली दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरायचा. आणि तरी जनेल लावून घेत नसे. हाक आली तर काय, याची त्याला भीती वाटत होती, आणि आता कधीच येणार नाही, याचीही.

दिवसकार्य उरकल्यावर गावाने ठरवलं, की राखणदाराला रोट द्यायचा आणि मानशीवर गाऱ्हाणं घालायचं. कोपला असेल तर शांत होऊ दे, पुन्हा कुणाच्या घरात शिरू नको म्हणून त्याला बजावू या. सकाळी दहाच्या सुमाराला वीस-पंचवीस माणसं बांधावर जमली. तांदळाचा जाड रोट केळीच्या पानावर ठेवला, सोऱ्याची, म्हणजे दारूची, बाटली ठेवली, घोंगडी ठेवली. गाऱ्हाणं घालायचा मान कृष्णनाथाचा. वयाने थकलेला, पण आवाज अजून खणखणीत. बाबलीला पुढे उभं केलं, डोक्यावर टॉवेल, हात जोडलेले. प्रवीण शेजारी.

"बा मानशीच्या राखणदारा म्हाराजा!" कृष्णनाथाने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" माणसांनी साथ दिली.

"आमच्या बापजाद्यांपासून तू हो बांध राखलंस, आमची शेतां राखलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या बाबलीच्या घरचो दिवो तू व्हेलंस. तिचो आवाज बंद केलंस."

"व्हय म्हाराजा!"

"कांय चूक जाली आसत, तुज्या वाटेर कोण आड आयलो आसत, तर ती पदरांत घे. पूण हे फुडें आमच्या मनशांक हात लायनाका."

"व्हय म्हाराजा!"

बाबलीने मान वर केली. समोर तोच दगड होता. घोंगडी पांघरून, दांडा घेऊन, पिढ्यान् पिढ्या एकट्याने या बांधाची राखण करणाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं आळ घालत होती आणि तो उलट बोलू शकत नव्हता. धक्क्यावर बाबलीने बढाया मारल्या असतील, डुलक्या काढल्या असतील, पण आपल्या पाळीतली चूक त्याने दुसऱ्या पहारेकऱ्याच्या नावावर कधी टाकली नव्हती. तो एक पाऊल पुढे सरकला. प्रवीणने दंड धरला.

"थांब," बाबली म्हणाला. "कृष्णनाथा, थांब. त्येका दोस लावू नको."

कृष्णनाथ गाऱ्हाण्याच्या मध्येच थांबला. असं कुणी कधी करत नाही.

"त्येनी नाय व्हेल्यान तिका." बाबली कुणाकडेच बघत नव्हता. तो दगडाशी बोलत होता, आणि गाऱ्हाण्याचीच लय त्याच्या आवाजात आपोआप उतरली होती. "ती माका डबो घेवन इली. हय उबी ऱ्हवली. माका हाक मारल्यान. मगे आनी येकदा मारल्यान. माका दोनय आयकाक इल्यो. मी जनेल लावन घेतलंय. मी ओ देवक नाय, म्हाराजा."

प्रवीणच्या हाताची पकड सुटली. विनोदिनीने तोंडावर पदर घेतला. कृष्णनाथ तोंड अर्धवट उघडं ठेवून बाबलीकडे पाहत राहिला. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने, ज्याला बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं आणि फक्त शेवटचा शब्द कळला होता, सवयीने हात जोडले. त्याच्या पाठोपाठ, सवयीनेच, सगळ्यांचे आवाज उठले.

"व्हय म्हाराजा!"